कुलपाच्या दारापुढं

आमच्या गावात माणसं कमी आणि कुलपं जास्त. कडेगाव तालुक्यात असं गाव आमचं एकटंच नाही म्हणा, पण आमच्याइतकी दांडगी कुलपं कुणाची नसतील. दोन-दोन मजली बंगले, संगमरवरी पायऱ्या, गेटवर सिंहाची तोंडं आणि त्या सिंहाच्या नाकाखाली वीतभर कुलूप लोंबतंय. मालक कुठं? तर तमिळनाडूत, केरळात, बंगालात, पंजाबात. सोनारांकडची मोड घ्यायची, भट्टीत आटवायची, तेजाबात टाकायची आणि शुद्ध सोनं-चांदी वेगळी करून द्यायची, हा आमच्या लोकांचा धंदा. गलाई म्हणतात त्याला. पाऊस दगा देतो म्हणून कुणाचा तरी पणजोबा बाहेर पडला, त्याच्या मागनं भाऊ गेला, भावाच्या मागनं मेव्हणा. आता देशात जिथं सराफी पेठ आहे, तिथं बोळात एक आमचा माणूस सापडतोच.

वर्षातनं एकदा, चैत्रात, नाथबाबाच्या जत्रेला ही कुलपं निघतात. सगळी निघत नाहीत. लग्नसराईत ज्यांना दुकान सोडता येत नाही, त्यांची तशीच राहतात. पण पालखी निघाली की ती गावातल्या प्रत्येक दारापुढं थांबते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, कुलूप असलं तरी. शेजारीण तांब्या घेऊन येते, पालखीवाल्यांच्या पायावर पाणी घालते, बंद दाराच्या वतीनं ओवाळते. मग कुणीतरी ‘नाथबाबाच्या नावानं’ म्हणून आवाज देतो, सगळे ‘चांगभलं’ म्हणतात आणि तेव्हा कुठं पालखी हलते. लहानपणापासनं बघत आले, त्यामुळं मला त्याचं कधी काही वाटलं नाही. आपल्या दारातल्या तुळशीकडं कोण निरखून बघतं?

माझे वडील, आबा, उभं आयुष्य तमिळनाडूत गलाई करत होते. मी तिथंच जन्मले, शाळेला मात्र गावी आले. तेजाबाची वाफ आबांच्या छातीत बसली ती बसलीच. डॉक्टरनी शेवटी सांगितलं, दुकान किंवा जीव, दोन्हीतलं एक ठेवा. आबांनी शटर ओढलं, भट्टी मोडली, पाटी भंगारात दिली आणि आईला घेऊन गावी आले. एके काळी पालखीला आबांनी आवाज दिला की तो खालच्या आळीला ऐकू जायचा. पण दुकान बंद झाल्यापासनं पालखी दारात आली की ते सोप्यातनं उठून आतल्या खोलीत जायला लागले. आई एकटीच तांब्या घेऊन उभी राहायची. मी एकदा फणकाऱ्यानं विचारलं, “आबा, देव दारात आलाय आन तुमी आत काय करताय?” तर म्हणाले, “ज्याची भट्टी इझली त्यानं कुठल्या तोंडानं म्होरं यायचं गं?”

मला कराडला दिलीय. ऑफिस पुण्याचं, काम घरातनं. लोकांच्या वेबसाइट बांधून द्यायच्या. आबांचा दम वाढला की मी लॅपटॉप पिशवीत घालते आणि माहेर गाठते. नवरा म्हणतो, तुझं ऑफिस आणि तुझं भांडण, दोन्ही पिशवीतनं फिरतं. म्हणू दे. भांडल्याशिवाय या जगात काही होत नाही हे मला लहानपणीच कळलंय.

यंदा जत्रेच्या आधी नाना घरी आले. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ, फौजेतनं रिटायर झालेले, जत्रा कमिटीचे अध्यक्ष. गलाईच्या गावात जन्मून बंदूक धरलेला एकटा माणूस. त्यांचा मुलगा मात्र आसामात गलाईच करतो. नाना बसायच्या आधीच बोलले, “पोरी, जत्रंची वेबसाइट करायची. कमिटीनं पास केलंया.”

“नाना, वेबसाइट म्हंजी काय हे कमिटीत कुणाला ठावं हाय का?”

“तुला हाय न्हवं? मग झालं. ऑर्डर इज ऑर्डर.”

त्यांनी कुठल्यातरी कंपनीच्या पानावर बघितलं होतं. वर फोटो आणि खाली लोगोंची फिरती पट्टी, एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. तसंच पाहिजे. वर नाथबाबाचा फोटो आणि खाली गावातल्या सगळ्या गलाईवाल्यांच्या दुकानांचे लोगो. लांबच्या लोकांनी मोबाईल उघडावा, देवाचं दर्शन घ्यावं आणि खाली आपलं दुकान फिरताना बघावं. कल्पना वाईट नव्हती. मी म्हटलं करते. मग नाना म्हणाले, “फकस्त चालू दुकानं घ्यायची बरं का. ड्यूटीवर हाय त्याचीच हजेरी. न्हाईतर आज्या-पणज्याच्या पाट्या घिऊन येत्याल समदी.”

आबा तिथंच खाटेवर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होते. हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाले, “बरोबर हाय नानाचं,” आणि उठून आत गेले. आतनं दम्याच्या पंपाचा फुस्स आवाज आला. नानांचा चेहरा पडला. आईला म्हणाले, “वैनी, च्या ऱ्हाऊ द्या.”

माझ्या डोक्यात सणक गेली. “मग मी करतच न्हाई! दुसरं बघा कुणीतरी!” नाना काही बोलायच्या आत आबांचा आवाज आला, तुटत तुटत, “कर म्हणत्यात तर कर की. देवाचं काम हाय.” आता बापानंच सांगितल्यावर काय बोलणार? लॅपटॉप उघडून बसले. पण मला सगळं लख्ख दिसत होतं. त्या पट्टीत आबांना जागा नाही, म्हणजे यंदाही पालखीला ते आतच बसणार. आणि पुढच्या चैत्राचा भरवसा द्यायला डॉक्टर तयार नव्हते. आबांनी एकदा, एकदा तरी, दारात उभं राहून आवाज द्यावा, एवढंच मला पाहिजे होतं. देवाकडं दुसरं काही मागायचं सुचत नव्हतं.

नानांनी व्हॉट्सॲपवर फर्मान सोडलं आणि लोगो यायला लागले. लोगो कसले! कुणी व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवला, त्यात निम्म्या कार्डावर त्याचाच अंगठा. कुणी लग्नाची पत्रिका पाठवली, “यात तळाला दुकानाचं नाव आहे, कापून घ्या.” एकानं पाटीचा फोटो पाठवला, त्यात पाटीपुढं गाय उभी. एकानं गॉगल लावून नुसता स्वतःचाच फोटो पाठवला. मी फोन करून म्हटलं, “भावा, लोगो पाठव.” तर म्हणतो, “ताई, बाजारात मला थोबाडावरनंच वळखत्यात.” ह्याला काय बोलायचं!

पण एकेक करून मी त्या पाट्या कापायला, पुसायला, सरळ करायला घेतल्या, तशी माझी बडबड कमी होत गेली. तमिळमधली पाटी, मल्याळममधली गोल गोल अक्षरं, बंगालीतली डोक्यावर रेघ असलेली, पंजाबी, ओडिया, तेलुगू. मला एकही नीट वाचता येत नव्हती आणि प्रत्येकीच्या मागं आमच्याच आळीतला कुणीतरी होता. ह्याच्या परड्यातल्या चिंचा मी चोरल्यात. त्याच्या आईनं मला पोहायला शिकवलंय. आमचं गाव या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालायला चहा थंड होईस्तोवरसुद्धा वेळ लागत नाही. एवढंसं ते गाव माझ्या मांडीवरच्या पडद्यात देशभर पसरलेलं दिसत होतं. मी कितीतरी मोठमोठ्या कंपन्यांच्या अशा पट्ट्या केल्यात. कधी अंगावर काटा आला नव्हता.

काम तसं किचकट. एक पाटी उसासारखी लांब, दुसरी भाकरीसारखी गोल. सगळ्यांची उंची सारखी दिसली पाहिजे, नाहीतर एकजण दांडगा आणि दुसरा लिंबूटिंबू दिसणार आणि भाऊबंदकी थेट वेबसाइटवर येणार. मोठ्या कॉम्प्युटरवर पाच-सहाजण शेजारी शेजारी बसले पाहिजेत आणि मोबाईलच्या चिंचोळ्या पडद्यावर एकावेळी एकच, पण ऐसपैस. पडदा लहानमोठा झाला की पट्टीनं आपोआप अंग चोरलं पाहिजे किंवा पसरलं पाहिजे. ते जमवता जमवता एका दुपारी मागं चाहूल लागली. आबा खाटेवरनं उठून माझ्या खांद्यामागं उभे होते.

“ह्ये आमच्या पेठंतलं,” ते म्हणाले आणि एका तमिळ पाटीवर बोट ठेवलं. “ह्यो माझ्याच भट्टीवर बोटं भाजून घिऊन शिकला. चांगली काढलीया पाटी.” चेहऱ्यावर कौतुकच होतं, दुसरं काही नाही. शिष्याची पाटी फिरतेय, गुरूला जागा नाही. मला तिथंच नानांचा गळा धरावासा वाटला.

“शेवटची गेल्यावर काय?” आबांनी विचारलं.

“शेवट न्हाईच आबा. मी समदी रांग दोनदा मांडलीया, एकीच्या मागं एक. शेवटची निघाली की पयली मागं हुबीच असती. बघणाऱ्याला सांधा दिसत न्हाई.”

“सांधा दिसत न्हाई म्हंजी कारागीर चांगला,” असं म्हणून आबा परत खाटेवर गेले. माझ्या ऑफिसात मला बक्षीस मिळालंय, पण एवढं बरं वाटलं नव्हतं.

पट्टी झाली तशी नानांनी देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना बोलावलं. शाळेतला प्रोजेक्टर आणला, खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर चित्र पाडलं. गुरवकाका होते, कमिटीची माणसं होती, आणि पुढ्यातच मावशी बसलेली. मावशी म्हणजे सगळ्या गावाची मावशी, मिश्रीनं काळं झालेलं तोंड आणि त्या तोंडाला लगाम नाही. आबा आले नव्हते. वर नाथबाबा, खाली पट्टी. मी बटण दाबलं आणि पाट्या सुळसुळ सरकायला लागल्या. मला वाटलं आता वाहवा होणार.

“अगं ए, पळतंय कुठं?” मावशी म्हणाली. “मागं कुत्रं लागलंया व्हय?”

गुरवकाकांनी मान हलवली. “पालखी अशी पळवत न्हेत्यात व्हय? दारात आलं की थांबायचं असतंय.”

“आवं काका, ही पालखी न्हाई, वेबसाइटची पट्टी हाय!”

“वर देव कुणी बशिवलाय? तूच न्हवं?” मावशीनं मला धरलंच. “वर देव आन खाली लोकांची दारं. मग ही काय हाय, सांग की.”

नमनालाच घडाभर तेल गेलं, असं मनात म्हणत मी लॅपटॉप मिटला आणि पाय आपटत घरी आले. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो पोट धरधरून हसला. पण रागात का होईना, काम करायला घेतलं. पट्टी एक दार पुढं सरकणार, थांबणार, मग पुढचं दार. किती वेळ थांबायचं? जगात सगळे दोन-तीन सेकंद ठेवतात. मी जगाचं बाजूला ठेवलं आणि पडद्यापुढं बसून मोठ्यानं म्हणून बघितलं, “नाथबाबाच्या नावानं...” चुलीपुढनं आईनं सवयीनं साथ दिली, “चांगभलं!” तेवढा वेळ. तेवढाच बसवला. आतल्या खोलीतनं आबांचा मात्र आवाज आला नाही.

परत सभामंडप, परत प्रोजेक्टर. या वेळी बायकाही बऱ्याच आल्या होत्या. पहिली पाटी मधोमध येऊन थांबली आणि गुरवकाका सहज पुटपुटले, “चांगभलं.” दुसरीला दोघं-तिघं म्हणाले. चौथी-पाचवी येईपर्यंत सगळा मंडप एका सुरात म्हणायला लागला. कुणाचं दार आलं ते बाया ओळखायच्या. “ही धाकलीची गं!” “ह्यो आमचा केरळचा!” मी प्रोजेक्टरपाशी उभी, आणि मलाच कळेना की मी हे बनवलंय का हे आधीपासनंच इथं होतं.

आणि मग आली की पंचाईत! पट्टी सरकली आणि मधोमध एक पांढराशुभ्र चौकोन येऊन थांबला. मोकळा. ना पाटी, ना अक्षर. सकाळी मी फायली एका जागेवरनं दुसऱ्या जागेवर हलवल्या होत्या, त्यात एक मागं राहिली. चित्र सापडलं नाही की काही दिसायचं नाही, नुसती जागा राहायची. आणि मागं राहिलं होतं कुणाचं? नानांच्याच पोराचं! आता काशी झाली म्हणत मी लॅपटॉपकडं हात नेला.

“ह्यो कोण गैरहजर?” नाना गरजले.

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, “गैरहजर कशाचा? कुलपाचं घर हाय त्ये. थांबू दे की जरा.”

आणि ती उठली. गुरवकाकांजवळचा पाण्याचा तांब्या उचलला, भिंतीपाशी गेली आणि त्या पांढऱ्या चौकोनाच्या खाली फरशीवर पाण्याची धार सोडली. पालखीवाल्यांच्या पायावर सोडतात तशी. कुणी हसलं नाही. “नाथबाबाच्या नावानं!” मावशीनंच आवाज दिला, आणि मंडपातनं जे ‘चांगभलं’ उठलं ते आधीच्या कुठल्याच दाराला उठलं नव्हतं. माझा हात तसाच हवेत राहिला.

पट्टी फिरून आली. चौकोन परत थांबला. आता एक बाई म्हणाली, “ह्ये माझ्या दिराचं. ओडिशातलं. त्यो गेला तवा बंद पडलं.” कुणी म्हणालं, “आमच्या थोरल्याचं असंल. लय नावाचं दुकान हुतं.” गुरवकाका हळूच म्हणाले, “माझ्या मेव्हण्याचं बी.” एकाच चौकोनात जो तो आपापलं घर बघत होता, आणि सगळी त्यात मावत होती. मी घडवलेली सगळी कारागिरी, उंची सारखी करणं, सांधा लपवणं, सगळं बाजूला राहिलं आणि माझ्या चुकीपुढं अख्खं गाव हात जोडून उभं होतं. देवा शप्पथ सांगते, मला त्या दिवशी देवळात बसलेल्या देवाची पहिल्यांदा भीती वाटली. चांगली भीती.

नानांनी डोक्यावरची टोपी काढली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, “ह्या जागंला हात लावू नगंस. हुकूम हाय.” आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले. “चालू दुकानंच घे म्हणलो हुतो मी. मी तरी कुठं ड्यूटीवर हाय आता?”

घरी येऊन मी नानांच्या पोराची पाटी गुपचूप मोकळ्या चौकोनाच्या पुढच्या जागेवर बसवली. तो चौकोन मुळात त्या पोराचाच होता, हे नानांना आजही ठाऊक नाही. कळलं तर माझं कोर्ट मार्शल ठरलेलं.

आबांना मी सगळं सांगितलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. ऐकलं का नाही तेही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले ते थेट खाटेपाशी. आबांच्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाले, “तुझ्या दुकानाची पाटी दे गड्या. मोकळ्या जागंत पयली तुझी लावू.”

“पाटी भंगारात गेली,” आबा म्हणाले.

“मी काढते!” मी मध्येच बोलले. “मला ध्यानात हाय की, निळी पाटी, पिवळी अक्षरं. तासाभरात काढते.”

आबा उठून बसले. श्वास गोळा केला. “नगं.”

“आबा!”

“ऐक. माझी पाटी लावलीस की त्ये माझं दार हुईल. आत्ता त्ये समद्यांचं हाय. मावशी पाणी घालती, त्या बाईला तिचा दीर दिसतो. ऱ्हाऊ दे मोकळं.” एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. नाना खाटेच्या कडेवर बसले आणि आबांच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. ज्याच्यासाठी मी गावाशी भांडायला निघाले होते, ते ताटात आलं आणि माझ्या बापानं ताट पुढं सरकवलं. मागच्या परड्यात जाऊन मी भांडी आपटली. मग चिंचेखाली बसून रडले. आई आली आणि म्हणाली, “उगी. जन्मभर दुसऱ्याचं सोनंच गाळलंया त्यांनी. त्यातलं कवा गुंजभर बी घरी आणलं न्हाई.” तेव्हा कुठं माझी मान खाली गेली. पण आबा दारात येणार का नाही, ते काही कळलं नव्हतं.

पालखीचा दिवस उजाडला. ढोलाचा आणि कैताळाच्या झांजांचा आवाज वरच्या आळीतनं खाली यायला लागला. मुंबई-पुण्याकडचे आणि दूरचे बरेच आलेले, गल्लीत गुलालानं पाय बुडत होते. आमच्या समोर एक बंगला आहे, आमच्या गल्लीतला सगळ्यात मोठा. त्याचा मालक पंजाबात, त्याला यंदाही येता आलं नव्हतं. आई दर वर्षी आपल्या दारात ओवाळायची आणि तशीच पळत समोर जाऊन त्यांच्या दारात पाणी घालायची. यंदाही तिनं तांब्या भरला. मी खाटेकडं बघितलं. आबा आत गेले नव्हते. बसून होते. ढोल कोपऱ्यावर आला तसे ते उठले, देवघरापाशी गेले आणि दुसरा तांब्या भरून आणला.

“आवं, कुठं निघालाय?” आई म्हणाली.

“तू आपलं दार बघ. समोरचं मी बघतो.”

भिंतीला, खांबाला, दाराला धरत ते उंबरा ओलांडून गेले. मी धरायला पुढं झाले तर हातानंच नको म्हणाले. गल्ली पार करून समोरच्या पायरीवर गेले आणि त्या वीतभर कुलपाला पाठ लावून उभे राहिले. आमच्या दारात ओवाळून झालं. पालखी वळली आणि कुलपाच्या दारापुढं थांबली. आबांनी वाकून पालखीवाल्यांच्या पायावर पाणी घातलं. बाप्या माणसाला पाणी घालताना मी कधी बघितलं नव्हतं, पण कुणी शब्द काढला नाही. मग ते सरळ उभे राहिले आणि आवाज द्यायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही. छाती वर झाली, खाली आली, नुसती शिट्टी वाजली. ढोलवाल्यांनी ढोल थांबवला. पालखीचं ओझं खांद्यावर घेऊन ती माणसं उन्हात उभी होती, मानेवरनं घाम निथळत होता, एकानंही खांदा बदलला नाही. कुणीही दुसरा आवाज देऊ शकला असता. नाना दोन हातांच्या अंतरावर उभे होते, त्यांचा आवाज काय कमी आहे? पण नानाही ओठ मिटून उभे. ते दार त्या घटकेला आबांचं होतं, आणि देव त्यांच्या श्वासासाठी थांबला होता.

“नाथबाबाच्या...” आबा म्हणाले. थांबले. मी इकडं पदर तोंडात धरलेला. “...नावानं...”

आणि सगळी गल्ली फुटली, “चांगभलं!” गुलाल उडाला, खोबऱ्याचे तुकडे अंगावर पडले, मला पुढचं काही दिसेना. दिसलं तेव्हा आबा पायरीवर बसले होते, लालभडक, आणि आई त्यांच्या नाकातोंडातला गुलाल पदरानं पुसत त्यांना शिव्या घालत होती.

जत्रा सरली. मी एकच बदल केला. बाकीच्या दारांपुढं पट्टी थांबते तेवढीच थांबते, पण त्या मोकळ्या चौकोनापुढं मी वेळ वाढवला.

आठ-पंधरा दिवसांनी समोरच्या बंगल्याच्या मालकाचा पंजाबातनं फोन आला. “ताई, पट्टी लय झ्याक केलीयास. पर एका जागी अडकती बघ. मोकळा डबा येतो आन तिथंच बसतो. जरा दुरुस्त कर की.”

मी म्हटलं, “दादा, मोबाईल म्होरं धरा. डबा आला का? आता सावकाश म्हणा, नाथबाबाच्या नावानं. आबा म्हणत्यात तसं. मधे दम घिऊन.” आणि त्याच्या दारात यंदा पाणी कुणी घातलं, पालखी किती वेळ उभी राहिली, ते सांगितलं.

पलीकडं भट्टीच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग त्याचा आवाज आला, “नाथबाबाच्या...” तो थांबला. पुढचं त्याला लवकर म्हणता येईना. “...नावानं...”

खाटेवर आबा शेंगा मोडत होते. मान वर न करता म्हणाले, “चांगभलं.”

मी फोन त्यांच्या हातात दिला.